एका प्रथिनावर चाळीस वर्षे: नहुम सोनेनबर्ग यांनी नेमके काय शोधले?

प्रश्न असा आला आहे: एम.एस्सी.च्या पुस्तकात 'ईआयएफ-४ई हे प्रथिन एमआरएनएच्या कॅपला चिकटते' एवढीच ओळ आहे. मग कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे नहुम सोनेनबर्ग या एका प्रथिनाभोवती चाळीस वर्षांहून अधिक काळ काम कसे करत राहिले? जनुक चालू झाले, एमआरएनए (जनुकाची संदेशवाहक प्रत) तयार झाला, की प्रथिन बनणारच. मग त्या टप्प्यावर वेगळे नियंत्रण कशाला? आणि याचा कॅन्सरशी काय संबंध?

'एमआरएनए झाला की प्रथिन बनणारच' यातच सगळी गोम आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. हे विधान खरे नाही. पेशीत एमआरएनए भरपूर आहे आणि त्याचे प्रथिन मात्र बनत नाही, असे सर्रास घडते. आम्ही ज्यांचे आयुष्य प्रथिननिर्मितीच्या नियंत्रणावर काम करण्यात गेले ते हे पॉलिसोम प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोणत्या एमआरएनएवर किती रायबोसोम आहेत हे दाखवणाऱ्या आलेखात, नेहमी बघतो. पेशींवर सायक्लोहेक्झिमाइड टाकायचे, म्हणजे रायबोसोम (एमआरएनए वाचून प्रथिन बनवणारी यंत्रे) एमआरएनएवर जिथे असतील तिथेच थांबतात. मग पेशी फोडून तो अर्क सुक्रोजच्या १० ते ५० टक्के ग्रेडियंटवर अलगद सोडायचा आणि अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये थंडीत फिरवायचा. नंतर नळीतल्या द्रवाचे वरच्या थरापासून खालच्या थराकडे क्रमाने २५४ नॅनोमीटरला शोषण मोजत गेले की आलेख उमटतो: आधी ४०एस (रायबोसोमचा लहान उपघटक), मग ६०एस (मोठा उपघटक), मग ८०एसचे (पूर्ण रायबोसोमचे) शिखर आणि त्यापुढे दोन, तीन, चार, पाच रायबोसोम लागलेल्या एमआरएनएची एकामागून एक शिखरे. उपाशी ठेवलेल्या पेशीत हा शेवटचा भाग जवळजवळ सपाट होतो आणि ८०एस वर चढतो. सीरम दिले की थोड्याच वेळात पॉलिसोम परत येतात. नवा एमआरएनए बनणे औषधाने बंद केलेले असले तरी येतात. म्हणजे एमआरएनए आधीपासून तिथेच होता, त्याला रायबोसोम मिळत नव्हते.

रायबोसोम कोणाला मिळणार हे कोण ठरवते? सोनेनबर्ग यांचे सगळे काम या एका प्रश्नाचे आहे. विषाणू, कॅन्सर, इन्सुलिन, स्मरणशक्ती ही वेगवेगळी प्रकरणे वाटतात, पण प्रत्येक वेळी ते कॅपपाशीच उभे आहेत.

थोडी पार्श्वभूमी. सोनेनबर्ग यांचा जन्म १९४६चा, जर्मनीतल्या वेट्झलार इथल्या निर्वासितांच्या छावणीतला. वाढले इस्रायलमध्ये, पीएच.डी. वाइझमन इन्स्टिट्यूटमधून १९७६ला. तिथून ते अमेरिकेत न्यू जर्सीतल्या नटली इथे रोश इन्स्टिट्यूटमध्ये एरन शॅटकिन यांच्याकडे गेले. ही जागा त्या वेळी फार मोक्याची होती. १९७५मध्ये याच प्रयोगशाळेतून यासुहिरो फुरुइची, एस. मुथुकृष्णन आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की रिओव्हायरसच्या आणि पेशीच्या एमआरएनएच्या ५' टोकाला एक उलटा जोडलेला, मिथाइल गट लावलेला ग्वानोसिन असतो, आणि तो काढला तर प्रथिननिर्मिती कोसळते. हीच कॅप. आता ज्याचा उपयोग आहे ते ओळखणारे कोणीतरी पेशीत असले पाहिजे, हे उघड होते. ते कोण, हे कोणाला माहीत नव्हते.

१९७८चा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने मूळ निबंधातून वाचावा, इतका तो स्वच्छ आहे. अडचण अशी की एमआरएनएला चिकटणारी प्रथिने ढिगाने असतात. आरएनएवर ऋण भार असल्यामुळे धन भाराचे कोणतेही प्रथिन त्याला बिलगते. त्या गर्दीतून फक्त कॅप धरणारे प्रथिन ओळखायचे कसे? सोनेनबर्ग यांनी किरणोत्सारी खूण आरएनएच्या पूर्ण लांबीवर न लावता फक्त कॅपच्या मिथाइल गटांवर लावली, ट्रिशियमची. मग पेरिआयोडेटने कॅपमधल्या रायबोजची कडी उघडली. त्यातून दोन अल्डिहाइड गट तयार होतात आणि जवळ असलेल्या प्रथिनाच्या लायसिनशी ते बंध करतात. सोडियम सायनोबोरोहायड्राइडने तो बंध पक्का केला, उरलेला आरएनए रायबोन्यूक्लिएजने खाऊन टाकला आणि जे राहिले ते जेलवर चालवले. आता खूण फक्त त्याच प्रथिनावर दिसणार ज्याने कॅपला अगदी जवळून धरले होते.

एवढ्यावर थांबले असते तर तो निबंध आज कोणी आठवला नसता. त्यांनी शेजारच्या रांगेत मोकळा एम-७-जीडीपी, म्हणजे आरएनए नसलेली नुसती कॅप, भरपूर घातला. जे प्रथिन खरोखर कॅप ओळखते ते या मोकळ्या कॅपमध्ये अडकून पडेल आणि त्याचा बँड नाहीसा होईल. जे उगाच चिकटले आहे त्याचा बँड तसाच राहील. साधारण २४ हजार डाल्टनचा एक बँड नाहीसा झाला. पुढच्याच वर्षी एम-७-जीडीपी सेफरोजच्या मण्यांवर बसवून हे प्रथिन त्यांनी शुद्ध केले. तेच ईआयएफ-४ई. तसले मणी, किरकोळ बदलांसह, आजही आमच्या फ्रीजमध्ये बाटलीत असतात.

१९७९मध्ये ते माँट्रियलला मॅकगिलमध्ये आले आणि तिथेच राहिले.

ईआयएफ-४ई एकटे फार काही करत नाही. ते ईआयएफ-४जी या लांबलचक प्रथिनाला धरते, ४जीच्या अंगावर ईआयएफ-४ए हे आरएनएच्या गाठी सोडवणारे एन्झाइम बसलेले असते आणि ४जीच ईआयएफ-३च्या मार्फत रायबोसोमच्या लहान उपघटकाला ओढून आणते. मग तो उपघटक ५' टोकाकडून एयूजी, म्हणजे प्रथिनाची सुरुवात सांगणारी तीन अक्षरे, शोधत सरकत जातो. या साखळीत कॅपला हात घालणारा ४ई आहे, आणि जुन्या मोजमापांत तो बाकीच्या घटकांपेक्षा कमी आढळला होता. इथून खरा विचार सुरू होतो. बाजाराच्या दिवशी गावातून एकच एसटी सुटत असेल तर धडधाकट माणूस कसाही आत शिरतो, म्हातारी माणसे खाली राहतात. दुसरी गाडी सोडली तर धडधाकटांची संख्या वाढत नाही, म्हाताऱ्यांची वाढते. ॲक्टिन किंवा ग्लोबिनच्या एमआरएनएचा सुरुवातीचा भाग आखूड आणि मोकळा असतो, त्यांना ४ई कमी असला तरी चालते. सी-मिक, व्हीईजीएफ, ऑर्निथिन डिकार्बॉक्सिलेज यांच्या एमआरएनएचा सुरुवातीचा भाग लांब, गाठींनी भरलेला असतो. ते मागे राहतात. आणि ही मागे राहणारी यादी बघा: पेशीची वाढ, रक्तवाहिन्या, विभाजन. म्हणून ४ईचे प्रमाण बदलले की एकूण प्रथिननिर्मिती थोडीच हलते, पण कोणती प्रथिने बनतात ते पुष्कळ बदलते.

हा नुसता तर्क नाही, हे १९९०मध्ये सिद्ध झाले. अँथूला लाझारिस-कारात्झास यांनी सोनेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत एनआयएच-३टी३ या उंदराच्या पेशींमध्ये ईआयएफ-४ईचे प्रमाण वाढवले, दुसरे काही नाही. पेशी एकमेकींवर चढून वाढू लागल्या, मऊ अगारमध्ये आधाराशिवाय वाढल्या आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत त्यांच्या कॅन्सरच्या गाठी झाल्या. प्रथिननिर्मितीचा एक 'घरकामाचा' समजला जाणारा घटक ऑन्कोजीन, म्हणजे कॅन्सर घडवणारे जनुक, ठरला. त्या काळी ट्रान्सक्रिप्शनचा (जनुकावरून एमआरएनए बनण्याचा) इतका दबदबा होता की ट्रान्सलेशन (एमआरएनएवरून प्रथिन बनणे) हा आपोआप चालणारा भाग मानला जाई. माझ्या मते हा समज मोडण्यात या एका निबंधाचा वाटा सर्वांत मोठा आहे.

आता पोलिओ. कालक्रमाने हे १९८८चे, म्हणजे आधीचे, पण मुद्दाम मागे ठेवले, कारण याचा आपल्या घराशी थेट संबंध आहे. पोलिओ विषाणूच्या आरएनएला कॅप नसते. तरीही तो पेशीत शिरल्यावर काही तासांत पेशीची स्वतःची प्रथिननिर्मिती बंद पडते आणि विषाणूची जोरात चालते. बंद कशी पडते हे कळत गेले: विषाणूचे २ए प्रोटिएज (प्रथिने कापणारे एन्झाइम) ईआयएफ-४जीचे दोन तुकडे करते, ४ई ज्याला धरतो तो भाग वेगळा पडतो आणि कॅपचा मार्गच तुटतो. पण मग विषाणूचा आरएनए वाचला जातो कसा? त्याचा सुरुवातीचा न-वाचला-जाणारा भाग सुमारे ७४० न्यूक्लिओटाइडांचा, गाठींनी भरलेला, वाटेत नको तिथे एयूजी असलेला. टोकापासून सरकत येणाऱ्या रायबोसोमला तो पार करणे अवघड.

जेरी पेलेटिए आणि सोनेनबर्ग यांनी एकाच एमआरएनएवर दोन जनुके मागेपुढे ठेवली, मधे पोलिओचा तो भाग बसवला. आपल्या पेशीत असा दुसरा संदेश एरवी जवळजवळ वाचला जात नाही. इथे वाचला गेला, आणि पोलिओच्या संसर्गाने पहिला बंद पडला तरी दुसरा चालू राहिला. म्हणजे रायबोसोम टोकाला न जाता थेट मधे उतरतो. रायबोसोम आत उतरण्याच्या या जागेला आयरेस म्हणतात. त्याच वर्षी एकार्ड विमर यांच्या गटानेही ईएमसीव्ही विषाणूत हीच गोष्ट स्वतंत्रपणे दाखवली.

आपल्याकडे लहान मुलांना तोंडावाटे दिलेले पोलिओचे थेंब म्हणजे सेबिन यांचे दुबळे केलेले विषाणू. तिन्ही प्रकारांत जे बदल त्यांना दुबळे करतात त्यांतला एक-एक महत्त्वाचा बदल याच आयरेसमध्ये, त्याच्या पाचव्या भागात आहे: पहिल्या प्रकारात ४८०व्या जागी, दुसऱ्यात ४८१व्या, तिसऱ्यात ४७२व्या. एका अक्षराने आयरेसची घडी सैल होते, विषाणूचे प्रथिन कमी बनते. आतड्यात वाढताना तेच अक्षर उलटू शकते, आणि थेंबांतल्या विषाणूपासून क्वचित होणाऱ्या पोलिओचे एक मोठे कारण ते आहे. म्हणूनच दुसऱ्या प्रकारच्या पोलिओवरच्या नव्या एनओपीव्ही२ लसीत हा भाग सहजी उलटू नये अशा रीतीने मुद्दाम बदलला आहे. भारतात रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २०१४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा आपला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या थेंबांनी हे घडवले त्यांच्या दुबळेपणाची एक चावी प्रथिननिर्मितीच्या नियंत्रणात आहे.

जाता जाता एक इशारा, कारण विद्यार्थी हटकून इथे फसतात. विषाणूंचे आयरेस भक्कम आहेत. पण पुढे माणसाच्या शेकडो जनुकांत आयरेस असल्याचे दावे आले आणि त्यांतले बरेच दोन जनुकांच्या डीएनए प्लाझ्मिडवर उभे होते. मधल्या तुकड्यात लपलेला प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) असेल किंवा स्प्लायसिंग (आरएनएची कापून जोडणी) होत असेल, तर दुसरे जनुक स्वतःच्या वेगळ्या, कॅप असलेल्या एमआरएनएवरून वाचले जाते आणि दिसायला मात्र आयरेससारखे दिसते. असा निबंध हातात आला तर प्लाझ्मिडऐवजी थेट आरएनए पेशीत घातला आहे का, आणि पहिल्या जनुकावर नेम धरलेला एसआयआरएनए (ठरावीक एमआरएनए तोडायला लावणारा छोटा आरएनए) दुसऱ्यालाही तितकाच पाडतो का, हे आधी बघा. नसेल तर निष्कर्षावर फार विसंबू नका.

१९९४मध्ये चित्राची दुसरी बाजू आली. आर्निम पॉझ आणि सहकाऱ्यांना ४ईला चिकटणारी दोन छोटी प्रथिने सापडली, ४ई-बीपी१ आणि ४ई-बीपी२. ती ४ईच्या पाठीवर नेमक्या त्याच जागी बसतात जिथे ४जी बसते. ती बसली की ४ई कॅप धरू शकतो, पण पुढचे कोणाला ओढून आणू शकत नाही. इन्सुलिन दिले की ४ई-बीपी१वर फॉस्फेट चढतात, ते सुटते आणि ४जीला जागा मिळते. जेवणानंतर स्नायू आणि चरबीच्या पेशींत प्रथिननिर्मिती वाढते त्यामागे हाही एक मार्ग आहे.

४ई-बीपी१चा एक गुण प्रयोगशाळेत फार उपयोगी पडतो. ते उकळले तरी बिघडत नाही. पेशीचा अर्क काही मिनिटे उकळत्या पाण्यात धरा. बहुतेक प्रथिने गोठून पांढरा साका होतात, सेंट्रिफ्यूज केले की खाली बसतात, आणि वरच्या स्वच्छ पाण्यात ४ई-बीपी१ शाबूत असते. कारण मुळात त्याला ठाम घडीच नाही, मोडणार काय? जेलवर ते तीन बँडांत दिसते: खालचा फॉस्फेट कमी असलेला, वरचा सर्वांत जास्त फॉस्फेटचा. ॲन-क्लॉड जिंग्रास यांनी १९९९मध्ये दाखवले की आधी थ्रिओनिन ३७ आणि ४६वर फॉस्फेट लागतात, त्याशिवाय पुढचे लागत नाहीत. म्हणून नुसता ३७/४६चा अँटिबॉडी वापरून '४ई मोकळा झाला' असे लिहू नका. ती पहिली पायरी आहे. सोडणूक व्हायला पुढच्या जागाही भराव्या लागतात.

हे फॉस्फेट लावतो कोण? उत्तर रॅपामायसिन या औषधाने दिले; ते एमटॉर नावाच्या एन्झाइमला रोखते. १९६४मध्ये मॅकगिलच्याच स्टॅनली स्कोरिना यांच्या नेतृत्वाखाली ईस्टर बेटावर वैद्यकीय मोहीम गेली होती. तिथल्या मातीतल्या जिवाणूपासून माँट्रियलच्या एअर्स्ट प्रयोगशाळेत क्लॉड वेझिना आणि पंजाबात जन्मलेले सुरेन सेहगल यांनी रॅपामायसिन वेगळे केले, १९७५मध्ये प्रसिद्ध केले. १९९६मध्ये सोनेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की रॅपामायसिन दिल्यावर ४ई-बीपी१वरचे फॉस्फेट उतरतात. म्हणजे एमटॉर हा पेशीतला अन्न-आणि-वाढ जोखणारा एन्झाइम थेट कॅपच्या दारापर्यंत पोचतो.

कॅन्सरचा संबंध इथे पूर्ण होतो. कॅन्सरच्या गाठीतले पीआय३के, पीटेन, रास या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकांचे बिघाड शेवटी एमटॉर आणि ४ई यांच्यावर येऊन मिळतात. अमेरिकेत श्रीव्हपोर्टच्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकात डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये एक गोष्ट नोंदवली: शस्त्रक्रियेनंतर कापलेली कड सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसते, पण तिच्यात ईआयएफ-४ई वाढलेले असेल तर रोग परतण्याचा धोका जास्त. तंबाखूमुळे होणारे तोंडाचे कॅन्सर आपल्याकडे इतके आहेत की हे काम आपल्या डॉक्टरांनी अधिक नेटाने पुढे न्यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

औषधांचे काय? रॅपामायसिनची भावंडे, टेमसिरोलिमस आणि एव्हरोलिमस, मूत्रपिंडाच्या कॅन्सरसाठी २००७ आणि २००९मध्ये अमेरिकेत मान्य झाली. पण अपेक्षेइतका परिणाम दिसला नाही, आणि त्याचे एक कारण याच जेलवर दिसते: रॅपामायसिन ४ई-बीपी१वरचे फॉस्फेट अर्धवटच उतरवते. एमटॉरच्या गाभ्यात बसणारे टोरिन-१ २००९मध्ये आले तेव्हा फरक स्पष्ट झाला. शिवाय ज्या गाठीत ४ई-बीपीच कमी झाले आहे, तिथे एमटॉर रोखून ४ई कसा आवरणार?

'४ई कमी, म्हणून तोच लगाम' हे मी वर सांगितले, त्यालाही आता दुरुस्ती लागते. दाविदे रुग्गेरो यांच्या गटाने २०१५मध्ये ईआयएफ-४ईचे प्रमाण निम्म्यावर आणलेले उंदीर तयार केले. ते व्यवस्थित जन्मले, वाढले. एकूण प्रथिननिर्मितीला धक्का नाही. मात्र त्यांच्यात कॅन्सर सहजी उभा राहिला नाही. सामान्य पेशीला निम्मा ४ई पुरतो, कॅन्सरच्या पेशीला पुरत नाही. उपचाराच्या दृष्टीने मला या क्षेत्रातली ही सर्वांत आशादायक गोष्ट वाटते. दुसरी दुरुस्ती अशी की एमटॉर रोखल्यावर सर्वांत जोरात पडणारे एमआरएनए लांब गाठींचे नाहीत. ते स्वतः रायबोसोमची प्रथिने बनवणारे, सुरुवातीला पिरिमिडिनांची (सी आणि यू या अक्षरांची) ओळ असलेले आहेत, आणि त्यांची कॅप लार्प-१ नावाचे दुसरेच प्रथिन बळकावते. पुस्तकातला एका बाणाचा नकाशा म्हणूनच अपुरा आहे.

मेंदूबद्दल थोडक्यात. लांब पल्ल्याच्या आठवणीला नवी प्रथिने लागतात आणि मेंदूत मुख्य पहारेकरी ४ई-बीपी२ आहे. ते नसलेल्या उंदरांत सोनेनबर्ग यांच्या गटाला २०१३मध्ये ऑटिझमसारखी वर्तने दिसली. २०१७मध्ये फ्रॅजाइल-एक्स या आनुवंशिक आजाराच्या उंदरांत मेटफॉर्मिनने अनेक लक्षणे सुधारली. घराघरात मधुमेहाची तीच गोळी असते, म्हणून स्पष्ट सांगतो: हा निष्कर्ष उंदरांचा आहे, डॉक्टरांशिवाय कोणत्याही मुलाला ती देऊ नये. २०१४चे वुल्फ पारितोषिक सोनेनबर्ग यांना व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांच्यासोबत मिळाले. सूक्ष्म-आरएनएचे ते दोघे आणि हे. तिघांचेही काम एमआरएनए बनल्यानंतर काय होते याचे.

तुम्हाला या विषयात प्रोजेक्ट करायचा असेल तर मोठे सीक्वेन्सिंग लगेच मागू नका. एचईके-२९३ या माणसाच्या पेशी रात्रभर सीरमशिवाय ठेवा. एक थाळी तशीच, एकीला इन्सुलिन, एकीला रॅपामायसिन देऊन इन्सुलिन, एकीला टोरिन देऊन इन्सुलिन. चारही अर्क एम-७-जीटीपीच्या मण्यांवर चढवा, मोकळा एम-७-जीटीपी घातलेली पाचवी रांग नियंत्रण म्हणून ठेवा, आणि ४ई, ४जी, ४ई-बीपी१ या तिघांचे ब्लॉट (अँटिबॉडीने तपासणी) करा. पहिल्या चार रांगांत ४ई सारखेच दिसले पाहिजे, पाचवीत जवळजवळ नाही. ४जी आणि ४ई-बीपी१ एकमेकांच्या उलट जातील. रॅपामायसिनच्या रांगेत तुमच्या पेशी टोरिनच्या किती जवळ जातात ते बघा आणि मला कळवा; पुढचा प्रयोग त्यावर ठरवू.